दिवा तेवतोय ना?

आमच्या घरात देवीला वर्षातून नऊ दिवस घाबरायचं असतं आणि सासूबाईंना उरलेलं वर्षभर. नवरात्रात दोन्ही एकदम येतं, त्यामुळे त्या नऊ दिवसांत माझं वजन दोन किलोंनी उतरतं. उपासाने उतरतं असं लोकांना वाटतं. मीही त्यांना तसं वाटू देते.

सासूबाई मिरजेला असतात. नाव कमलिनी, पण कमळाशी संबंध नावापुरताच. आम्हाला दुबईत येऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत नवरात्रात रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे त्यांच्या साडेआठला, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलात का’ नाही. पहिला प्रश्न ठरलेला. “दिवा तेवतोय ना?” मग मी फोन घटाकडे वळवायचा, त्यांनी ज्योत डोळे भरून बघायची, हात जोडायचे, आणि त्यानंतर माणसांची चौकशी.

नियम साधे आहेत. घट बसले की नऊ दिवस अखंड दिवा. तो विझू द्यायचा नाही. विझला हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, शांत झाला म्हणायचं. तोंडाने फुंकर तर मारायचीच नाही, ते पाप. आणि घराला कुलूप लावायचं नाही. देवी घरात बसलेली असताना सगळ्यांनी बाहेर निघून जायचं म्हणजे पाहुणीला एकटीला टाकून गावभर हिंडण्यासारखं. एक तरी माणूस घरात हवंच.

मिरजेत हे जमतं, तिथे घरात सात माणसं आहेत. इथे दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात चौदाव्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, नवरा राजन आणि नऊ वर्षांची शुभ्रा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये देवीला जागा टीव्हीशेजारी. टोपलीत माती, मातीत सात धान्यं, वर कलश, कलशावर नारळ, रोज एक माळ. बाजूला पितळी दिवा, त्याला काचेची नळी. ज्योत हलू नये म्हणून हॉलमधल्या एसीच्या झरोक्याला पुठ्ठा चिकटवायचा आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नऊ दिवस घामाने निथळत बसायचं. राजन म्हणायचा, “अनुपमा, इथे कोण बघायला येणारे?” मी म्हणायचे, “तीच.”

यंदा पहिल्याच दिवशी धूप जरा जास्त झाला आणि छतावरचा स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागला. खालून सिक्युरिटीचा मुझम्मिल धावत आला. “मॅडम, अगली बार सिविल डिफेन्स आएगा तो फाइन लगेगा,” असा दम देऊन गेला; सिविल डिफेन्स म्हणजे इथलं फायर ब्रिगेड. मी काय केलं? हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप काढली, स्टुलावर चढले आणि डिटेक्टरला टोपडं घातल्यासारखी घातली. शुभ्रा खाली उभी राहून हसत होती. मीपण हसले. हे कबूल करायला आता लाज वाटते, पण हसले.

मी एवढी का घाबरते हे सांगायला हवं. आठ वर्षांची असताना जतला, आमच्या माहेरच्या घरी, मी देवीपुढची खडीसाखर चोरायला गेले आणि फ्रॉकचा घोळ लागून दिवा पडला. आईने कुणाला न सांगता तो पुन्हा लावला. अष्टमीला गल्लीतल्या तानुबाईच्या अंगात आलं. केस मोकळे सोडून घुमत घुमत ती नेमकी माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “माझी ज्योत कुणी मारली गं?” दिवाळीनंतर बाबांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं आणि त्यांचा पाय गुडघ्यातून काढावा लागला. ट्रकवाला प्यायलेला होता असं पोलिसांनी लिहिलं, सगळ्यांनी ते मानलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

तर तो शनिवार होता, सातवी माळ. राजन कंपनीच्या कामाला मस्कतला गेलेला. दुसऱ्या दिवशी अष्टमी, त्यामुळे कुमारिका पूजनाला बिल्डिंगमधल्या आणि शुभ्राच्या वर्गातल्या नऊ मुली बोलावल्या होत्या. त्यांचे पाय धुवायला मी गुलाबी प्लॅस्टिकचा टब आणला होता, नऊ पिशव्यांत पेन्सिल बॉक्स भरून ठेवले होते. शुभ्राने विचारलं होतं, “विल यू वॉश माय फीट टू?” मी म्हटलं, “हो तर, तू पण कुमारिकाच. उद्या तू देवी.”

सकाळी दहाला अण्णासाहेबांचा फोन. अण्णासाहेब म्हणजे आमचे बॉस. देरा भागातल्या जुन्या बाजारात त्यांचा मसाल्यांचा आणि डाळींचा धंदा आहे आणि मी त्यांची सगळी कागदपत्रं सांभाळते. “अनुपमा, कंटेनर पोर्टला अडकलाय. ओरिजिनल पेपर्स तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. ओन्ली टू अवर्स, यल्ला, टॅक्सी कर आणि ये.”

शुभ्राला बरोबर नेता आलं असतं. हे वाक्य मी त्यानंतर हजार वेळा स्वतःला म्हटलंय. शेजारच्या सुमैय्याकडेही तिला बसवता आलं असतं. सुमैय्या हैदराबादची, कडेवर सहा महिन्यांचं बाळ, पण कधी नाही म्हणणारी नाही. मग घरात कोण? घर रिकामं पडलं असतं. मी दिव्यात तेल काठोकाठ भरलं, वातीची काजळी झाडली आणि शुभ्राला समोर बसवलं.

“दार कुणाला उघडायचं नाही. दिव्याला हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आणि मी येईपर्यंत घर सोडून कुठे जायचं नाही.”

“व्हॉट इफ अ झॉम्बी कम्स?”

“झॉम्बी आला तरी नाही.”

“ओके,” ती म्हणाली आणि टॅब घेऊन देवीपुढे मांडी घालून बसली.

देरातलं काम दोन तासांत कधी संपतं? पावणेएकला मी अजून फाइली उपसत होते. फोन वाजला. शुभ्राकडे सिमकार्डचा फोन नाही, ती घरच्या वाय-फायवर टॅबवरून बोटिम ॲपने व्हिडिओ कॉल लावते. मी उचलला आणि पलीकडून पहिल्यांदा ऐकू आली ती अलार्मची कर्कश पिपाणी.

“आई, द अलार्म इज रिंगिंग. इन द कॉरिडॉर. इट्स व्हेरी लाउड.”

आणि मी म्हटलं, “दिवा तेवतोय ना?”

लोकांना मी पुढे असं सांगितलं की आग आपल्याच दिव्याने लागली की काय हे मला बघायचं होतं. राजनलाही तेच सांगितलं. तसं नव्हतं. तो विचार नंतर आला. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की ती घाबरून धावाधाव करेल आणि दिवा पडेल. जतच्या घरातला दिवा पडला तसा.

शुभ्राने मान वळवून दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “यस. तेवतोय.” स्क्रीनवर तिचा चेहरा गोठला, अर्धं तोंड उघडं, आणि कॉल तुटला. मी पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. ‘युजर अनअव्हेलेबल.’ बिल्डिंगची वीज गेली होती आणि विजेबरोबर वाय-फाय.

आता माझं डोकं चालायला लागलं, आणि चाललं ते भलतीकडेच. अलार्म. चौदावा मजला. छतावर शॉवर कॅप. खाली उघडी ज्योत, शेजारी वाळलेल्या झेंडूच्या सहा माळा. बिल्डिंगच्या ग्रुपवर धडाधड मेसेज पडत होते. ‘स्मोक ऑन फोर्टीन?’ ‘नो, ट्वेल्व्ह.’ ‘लिफ्ट्स नॉट वर्किंग.’ ‘प्लीज यूज स्टेअर्स.’ मग सुमैय्याचा: ‘अनुपमा, व्हेअर आर यू??’ हातातली फाइल खाली पडली. अण्णासाहेबांनी काय झालं विचारलं, त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खाली रस्त्यावर आले तेव्हा एका पायात ऑफिसची सपात होती आणि एका पायात चप्पल.

टॅक्सीवाल्याचं नाव उझैर. पुढच्या कार्डावर लिहिलं होतं, मी पूर्ण रस्ताभर त्या कार्डाकडेच बघत होते. “भाईसाब, बिल्डिंग में आग लगी है, मेरी बच्ची अकेली है.” त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि पाय दाबला. “इन्शाल्ला बच्ची ठीक होगी, बाजी.” इथे इन्शाल्ला सगळ्यालाच म्हणतात. एसीवाला उद्या येणार, इन्शाल्ला. व्हिसा होणार, इन्शाल्ला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्या शब्दाला लोंबकळावंसं वाटलं.

सुमैय्याला फोन लावत होते, लागत नव्हता. मी तिला काय काय सांगून आले होते ते एकेक आठवत होतं. दार उघडायचं नाही. घर सोडायचं नाही. झॉम्बी आला तरी नाही. माझी पोर दहा वेळा सांगितल्याशिवाय दात घासत नाही, पण देवाधर्माचं सांगितलेलं एकदाच ऐकते. कारण ते सांगताना माझा आवाज बदलतो. तो आवाज मी माझ्या आईकडून घेतलाय, आईने तिच्या आईकडून.

मी देवीला हाक मारायला लागले. आई जगदंबे, आई तुळजाभवानी. आणि एकाएकी जीभ अडखळली. ही जर माझी आई, तर मी लहानपणापासून हिला एवढी भ्यायले कशी? तेव्हा बाबांचा पाय घेतलास, मनात म्हटलं, आता काय घेणार आहेस? असं म्हटल्याबरोबर मी गाडीच्या सीटवरच दोन्ही कान धरले. चुकले, आई. चुकले. पोर दे. दिवा तुझा, घर तुझं, माझं सगळं तुझं, तेवढी पोर दे. उझैरने गाडीतला रेडिओ बंद केला.

हायवेवरून उतरताना टॉवर दिसला. मधल्या एका मजल्याच्या खिडकीतून काळा धूर वर चढत होता आणि आमचे मजले त्या धुरात होते.

खाली पिवळी पट्टी, लाल बंब, निळे दिवे. रस्त्यावर सगळी बिल्डिंग उभी: कुणी टॉवेलवर, कुणी हातात मांजर, एक आजोबा पासपोर्टांची पिशवी छातीशी धरून. मी पट्टीखालून शिरले तर सिविल डिफेन्सचा माणूस आडवा आला. “मदाम, खलास, नो एन्ट्री.” मला मुझम्मिल दिसला. मी त्याचा हात धरला.

“मुझम्मिल, मेरे दिये से लगी. डिटेक्टर पे मैंने टोपी लगाई थी. मेरी गलती है, मुझे पकड़ लो, पर मेरी बेटी ऊपर है.”

“नहीं मॅडम, नहीं,” तो म्हणाला. “बारह नंबर पे स्कूटर की बॅटरी फटी है. चार्जिंग पे थी.”

एक क्षण, फक्त एकच क्षण, मला हायसं वाटलं. आमचा दिवा नव्हता. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की त्याने शुभ्राबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

गर्दीतून सुमैय्या आली. बाळ कडेवर, डोळे लालबुंद. मला बघून ती रडायलाच लागली. “मैंने दरवाज़ा पीटा, अनुपमा. कितना पीटा. अंदर से बोली, ‘आंटी, मम्मी सेड आय कान्ट लीव्ह द हाउस एम्प्टी.’ मैंने कहा बेटा आग है. बोली, ‘देन हू विल स्टे विथ देवी?’ धुआँ आ रहा था, ये खाँसने लगी...” ती बाळाकडे बघत राहिली. “मैं इसको लेके नीचे आ गई. फायरवालों को नंबर बताया. मुझे माफ करना.”

माफ कुणी कुणाला करायचं? मी तिचा खांदा धरून उभी राहिले. ‘मग देवीजवळ कोण थांबणार?’ हे तिला कुणी शिकवलं, हे मला विचारायची गरज नव्हती.

किती वेळ गेला ते माहीत नाही. मुझम्मिलच्या वॉकीटॉकीवर अरबीत काहीतरी खरखरलं. तो ऐकत राहिला, मग माझ्याकडे वळला.

“मॅडम, चौदह सौ छह खाली है. दरवाज़ा खुला था. अंदर कोई नहीं.”

“कोई नहीं मतलब?”

“सब रूम देखे, बाथरूम, अलमारी भी. बोल रहे हैं एक टोकरी है, उसमें घास उगी है. बस.”

घरात नाही. खाली नाही. मग जिन्यात? धूर भरलेल्या जिन्यात, कुठल्यातरी वळणावर, पडलेली? रस्ता, बंब, माणसं, सगळं लांब जायला लागलं. टोकरी आणि घास. म्हणजे घट जागेवर होता. धान उगवलेलं, कलश, नारळ. आणि...

“दिया?” मी ओरडले. “पूछो, टोकरी के पास दिया है क्या? पीतल का.”

मुझम्मिलला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तरी त्याने विचारलं. उत्तर आलं. “नहीं, मॅडम. कोई दिया नहीं.”

दिवा तिने घेतला होता. मी विचारलं होतं ना, म्हणून घेतला होता. आणि हातात पेटता दिवा असलेली मुलगी कुठे जाईल? जिना खाली लॉबीत उघडतो, लॉबीचं दार सताड उघडं, बाहेर वारा. ती लॉबीत आली असेल, ज्योत फडफडली असेल. ती बाहेर येणार नाही. ती वारा नसेल तिथे जाईल. आणि तोच जिना आणखी एक मजला खाली उतरतो.

मी पार्किंगच्या उताराकडे धावले. मागून कुणीतरी ओरडत होतं, अरबीत, हिंदीत, इंग्रजीत. बेसमेंटमध्ये अंधार होता, एमर्जन्सीचे हिरवे दिवे तेवढे लागलेले. हवेत जळक्या रबराचा वास. “शुभ्रा!” आवाज खांबांवर आपटून परत आला. “शुभ्रा!”

आमची गाडी कोपऱ्यात लागते. गाडीमागे, भिंत आणि खांब यांच्या खबदाडात, पिवळसर उजेड होता.

ती उकिडवी बसली होती. दोन पायांच्या मध्ये आमचा तीन लिटरचा कुकर, झाकण नसलेला, आणि कुकरमध्ये दिवा. दांडीला धरता यावं आणि उंच काठांनी वारा अडावा म्हणून तिला कुकर सुचला होता. दोन्ही तळवे तिने वर आडवे धरले होते. काचेच्या नळीला तडा गेलेला. तेल सांडून उजव्या अंगठ्यावर लालभडक फोड आलेला. चेहरा काजळीने माखलेला, पाय अनवाणी, तळवे काळेकुट्ट. चपला बाहेर कॉरिडॉरमध्ये होत्या आणि कॉरिडॉरमध्ये धूर होता.

“पळू नको ना,” ती कुजबुजली. “विंड येतो.”

मी थांबले. खरंच थांबले, दोन पावलांवर.

“तेवतोय,” शुभ्रा म्हणाली. “सी? स्टिल तेवतोय. आय केम व्हेरी स्लोली. वन स्टेप, वन स्टेप. नाइन्थ फ्लोअरला इट वॉज गोइंग, बट आय सेव्ह्ड इट.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “बट घर रिकामं राहिलं. सॉरी, आई. स्मोक आत आला. आय ट्राइड टू स्टे. आय ट्राइड.”

तिच्या डोळ्यांत मला जी भीती दिसली ती मी ओळखली. आगीतून ती बाहेर आली होती, आगीची भीती मागे राहिली होती. ही माझ्याकडे बघतानाची होती. तानुबाई समोर येऊन उभी राहिली तेव्हा मी असंच बघितलं असणार.

मी खाली बसले. कुकर माझ्याकडे ओढला, वाकले, आणि दिव्यावर फुंकर मारली.

पहिल्या फुंकरीला ज्योत नुसती आडवी झाली. चिवट होती. दुसरी फुंकर मी छातीत होती नव्हती तेवढी हवा काढून मारली. ज्योत गेली. वातीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि तेलकट वास सुटला.

“आई!” शुभ्रा किंचाळली. “यू कान्ट! इट्स पाप! आजी—” आणि ती रडायला लागली, एवढा वेळ साठवलेलं सगळं. मी तिला मांडीत ओढलं. ती मला ढकलत होती, मारत होती, मग घट्ट धरून राहिली. मीही मोठ्याने रडत होते. अंधारात मला वाटलं, आता छत कोसळेल, आता काहीतरी होईल. वाट बघितली. पार्किंगच्या उतारावरून मुझम्मिल हातात टॉर्च घेऊन धावत येत होता. बाकी काही झालं नाही.

पॅरामेडिकने तिला तपासलं, मास्क लावून थोडा वेळ ऑक्सिजन दिला, अंगठ्याला पट्टी बांधली. फुप्फुसं ठीक होती. पायांचे तळवे मात्र काळे ते काळेच. सुमैय्या म्हणाली, “आओ, मस्जिद में लेडीज़ साइड पे नल हैं.” रस्त्यापलीकडच्या मशिदीत बायकांच्या बाजूला, पाय धुवायला नळांसमोर दगडी बैठका आहेत. शुभ्राला मी बैठकीवर बसवलं आणि खाली गुडघ्यांवर बसून तिचे पाय चोळायला लागले. टाचेत काहीतरी टोचलं होतं, रक्त सुकलं होतं. गुलाबी टब वर चौदाव्या मजल्यावर राहिला होता.

“पूजा तर उद्या आहे ना?” तिने विचारलं.

“उद्याचं उद्या,” मी म्हटलं.

“देवी अँग्री झाली असेल?”

मी दुसरा पाय घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. बोटिम. स्क्रीनवर सासूबाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बिल्डिंगच्या ग्रुपवर वाचून राजनने मस्कतहून त्यांना कळवलं असणार. शुभ्राने पाय आखडून घेतले. “डोन्ट पिक अप. शी विल आस्क अबाउट द दिवा. शी ऑल्वेज आस्क्स फर्स्ट.”

आगीपुढे एक वेळ उभी राहिले असते. तरी फोन उचलला, आणि त्यांनी विचारायच्या आत बोलून टाकलं, आठ वर्षांच्या मुलीने बोलावं तसं एका दमात. “आई, दिवा मी विझवला. फुंकून विझवला. आणि घर रिकामं आहे.”

त्यांच्या मागे त्यांचा घट दिसत होता, त्यांचा दिवा शांतपणे तेवत होता.

“चुलीत गेला तो दिवा!” सासूबाई ओरडल्या. “माझी शुभ्रा कुठाय? तिला दाखव आधी!”

मी फोन वळवला. “हात दाखव गं बाळा. दुसरा दाखव. उलटा कर. ते काय बांधलंय?” त्या एकेक अवयव मोजून घेत होत्या आणि त्यांचा आवाज फुटत होता. अकरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

शुभ्राने नाक ओढलं आणि चहाडी केली. “आजी, आईने फू केलं.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “मी असते तर मीपण केलं असतं.”

मी नळाखाली हात धरून बसले. पाणी वाहत होतं आणि मला ते बंद करायचं सुचत नव्हतं. ज्या बाईला मी अकरा वर्षं घाबरले, तिने पोर आधी विचारली होती. मी दिवा विचारला होता.

त्याला आता वर्ष होत आलं. शॉवर कॅप गेली. दिवा यंदाही लावणार आहे, पण बाहेर जाताना निरोप देऊन शांत करायचा आणि आल्यावर पुन्हा लावायचा, असं सासूबाईंनीच ठरवून दिलंय. ऑफिसातून मी रोज दुपारी शुभ्राला फोन करते आणि पहिल्यांदा एकच विचारते: “तू कशी आहेस?”

“आय ॲम फाइन,” ती म्हणते. आणि मग फोनवर गप्प राहते, दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत.